पन्हं सांडलं, पण खाल्लं बॅटरीनं

लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका अडतीवरचा ३८६, म्हणजे जुनापुराणा कॉम्प्युटर, अजून डोक्यातनं जाईना. तुरीचा सगळा हिशोब तिथं डॉस या जुन्या सिस्टिमवर, फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये चालतो, अन् शेठना तो बदलायचाच नाही. ऐन उन्हाळ्यात नातवाच्या हातनं कैरीच्या पन्ह्याचा गिलास चालू मशीनवर सांडला, घाबरून बटन बंद केलं, ते परत सुरूच होईना. माझ्याकडं आणेपर्यंत लेकराला सगळ्यांनी झाडून घेतलेलं.

खोललं तर आयएसए स्लॉटमध्ये, म्हणजे बोर्डावर जादा कार्डं खोचायच्या खाचांत, गुळाचा चिकटा. पन्हं आंबट असतंच, पण वरनं मीठ, म्हणजे त्यातनं करंट वाहतो, अन् पाच व्होल्ट आणि ग्राउंडच्या मधलं तांबं विरघळून हिरवं पडतं. गूळ तर वाळला तरी हवेतली ओल ओढत राहतो, त्यामुळं 'उन्हात वाळवलं होतं साहेब' याला काही अर्थ नाही.

पण हिरवं कीबोर्डच्या सॉकेटजवळपण होतं, अन् तिथवर चिकटा पोचलाच नव्हता. तिथं असते ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी. ती गळली की निघतं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आम्लाच्या बरोबर उलटं, पण तांब्यावर रंग तोच. आमचा दुकानातला पोरगा व्हिडिओ बघून अख्ख्या बोर्डावर व्हिनेगर ओतायला निघालेला. आजकालच्या पोरांना मीटरपेक्षा मोबाइलवर भरवसा जास्त. डिस्टिल वॉटरचा थेंब टाकून लिटमस लावला. स्लॉटकडं निळा कागद लाल झाला, बॅटरीकडं लाल कागद निळा. मग स्लॉटला खायच्या सोड्याचं पातळ पाणी, बॅटरीच्या कोपऱ्याला व्हिनेगर, नंतर दोन्हीकडं भरपूर डिस्टिल वॉटर, शेवटी आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) अन् जुना टूथब्रश.

वाळल्यावर मीटर धरला. स्लॉटच्या सगळ्या लाइनींना बीप, म्हणजे तिथं काही तुटलेलं नाही. तुटलेल्या लाइनी निघाल्या बॅटरीखाली, कीबोर्ड कंट्रोलरकडं, म्हणजे कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपकडं जाणाऱ्या, अन् तो कंट्रोलर बोलला नाही तर असलं मशीन पुढं सरकतच नाही. वरचा हिरवा थर खरवडला तर खाली तांब्याच्या जागी काळा भुगा. हे एका दुपारचं काम नव्हे, वर्षानुवर्षं चाललेलं. बारीक वायरचे जंपर मारले, बॅटरी काढून बाहेर होल्डर दिला, मशीन उठलं.

शेठना म्हणलं, लेकराचा दोष नाही, बॅटरीनं खाल्लंय. तर म्हणाले, "अहो, मग सांडलं तवाच कसं बंद पडलं?"

आता मशीन गार पडल्यावर त्या लाइनींतला तांब्याचा उरलासुरला धागा तुटला असेल, असं मला वाटतं, पण दाखवणार कसं? बिलावर 'बॅटरी लीक' लिहिलं. शेठनी ते वाचलं, पैसे दिले, अन् जाताना परत नातवालाच बोलले.