ब्रेकच्या पाईपचा दहाचा, म्हणजे १० मिमीचा बोल्ट. पण कुठला दहाचा?

गाडी काकांची. १९८७ची राजदूत ३५० मोटारसायकल, लो टॉर्क म्हणजे कमी ताकदीचं मॉडेल. ही मूळची जपानच्या यामाहाची आरडी ३५०, आणि त्या आरडीला पुढं डिस्क ब्रेक होता. एस्कॉर्ट्सने इथं गाडी काढताना खर्च वाचवायला ७ इंची ड्रम ब्रेक बसवला. तो ड्रम किती थांबवतो ते चालवणाऱ्यालाच माहीत. काका म्हणायचे, हिला थांबवायचं असेल तर एक चौक आधी ठरवावं लागतं.

म्हणून पुढं डिस्क टाकली. कॅलिपर (डिस्कला चिमट्यात धरणारा भाग) केटीएम ड्यूकचा, मास्टर सिलिंडर (हँडलवरचा, लिव्हर दाबला की ब्रेक ऑइल ढकलणारा) एका जुन्या यामाहाचा, ब्रॅकेट इथंच एमआयडीसीत कापून घेतलं. पंधरा दिवसांत सगळं उरकलं. राहिला फक्त या दोघांना जोडणारा ब्रेक ऑइलचा पाईप. त्या ‘फक्त’ला सात आठवडे लागले.

आमच्या जालन्यात सळई मिळते, बियाणं मिळतं, जेसीबीचा होज तर पाच मिनिटांत दाबून मिळतो. साहजिकच पहिल्यांदा तिकडंच गेलो. दुकानदार भला माणूस. “तीनशे बार सहज सहन करतो, तुझ्या मोटारसायकलला काय लागतंय?” खरंच आहे, दाबाचा प्रश्नच नाही. पण त्या होजच्या आतलं रबर हायड्रॉलिक तेलासाठीचं, नायट्राइल. ब्रेक ऑइल खनिज तेल नसतं, ग्लायकॉलचं असतं. त्यात हे रबर फुगतं, मऊ पडतं. आज ब्रेक लागेल, चार महिन्यांनी पाईप आतून बुजेल. कुणी कितीही प्रेमानं म्हटलं तरी जेसीबीचा होज ब्रेकला लावू नका. आत टेफ्लॉन आणि वर स्टीलची जाळी असलेला पाईप घ्या. दाबल्यावर तो फुगत नाही, त्यामुळं लिव्हर कडक लागतो.

तसा पाईप मापाप्रमाणे करून देणारं दुकान पुण्यात सापडलं. नाव लिहीत नाही. पाईप त्यांनी चांगला केला, हे आधीच सांगतो, कारण पुढं मी चांगलं काही सांगणार नाही.

माप मी आर्थिंगच्या जाड तारेने घेतलं. इंजिनाखाली लाकडी ठोकळा लावून पुढचं चाक अधांतरी केलं, म्हणजे शॉक पूर्ण लांब झाले. मग हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघितलं. पाईपच्या टोकाला बोल्टसाठी गोल कडी असते, तिला डोळा म्हणतात; डोळ्याच्या मध्यापासून डोळ्याच्या मध्यापर्यंत ८९० मिमी. गाडी स्टँडवर नुसती उभी करून माप घेतलंत तर खड्ड्यावरून उडताना पाईप ताणला जाईल.

आता तो फॉर्म. लांबी, जाळीचा रंग, डोळा सरळ की वाकडा, सगळ्याला रकाने. दोन टोकांना दोन बोल्ट लागतात, पण बोल्टला रकाना एकच, आणि त्यात पर्याय एकच: ‘१० मिमी’. मी १० मिमी निवडलं. दुसरं करणार काय?

अकरा दिवसांनी पार्सल आलं. मास्टर सिलिंडरचा बोल्ट बोटांनी सरसर आत गेला. कॅलिपरचा दीड आटा गेला आणि अडकला. रंग लागला असेल म्हणून साफ केला. पुन्हा दीड आटा. मग माझी अक्कल गेली आणि मी पाना लावला. पाव फेरा फिरवल्यावर एक बारीक ‘कुर्र’ आवाज आला, तो अजून कानात आहे. कॅलिपर ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट स्टीलचा. जोर केला तर कोणाचे आटे जाणार हे सांगायला नको.

पुण्याला फोन केला. “सर, दहाचाच पाठवलाय.” मी म्हटलं, दहाचा आहे पण बसत नाही. “सर, तुम्ही फॉर्ममध्ये दहाच भरलंय.” तिसऱ्या फोनला ठरलं की मी पूर्ण सेट परत पाठवायचा, नुसता बोल्ट बदलता येत नाही, सिस्टिममध्ये तशी सोय नाही. मी तो यामाहाला बसलेला बोल्टही काढून, पाईप गुंडाळून, स्वतःच्या पैशाने कुरिअर केला. चिठ्ठीत लिहिलं, एका टोकाचा बोल्ट वेगळा लागतोय. नऊ दिवसांनी दुसरा सेट आला. तोच पाईप, तीच जाळी, तेच दोन बोल्ट. माझी चिठ्ठी न उघडता पिशवीत परत.

त्या दिवशी बायकोनं गाडीवर चादर टाकली आणि काही बोलली नाही.

शेवटी एमआयडीसीतल्या लेथवाल्या चाचांकडे कॅलिपर घेऊन गेलो. त्यांनी चष्मा वर केला, आटे मोजायची पत्ती काढली, एक पान बोल्टवर टेकवलं, मग भोकाकडं बॅटरी मारली.

“हा सव्वाचा आहे. आत एकचे आटे आहेत.”

झालं. बोल्ट दोन्ही दहाचेच, फरक पिचचा, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतराचा: सव्वा मिमी की एक मिमी. यामाहासारख्या जपानी गाड्यांना १० मिमी बोल्ट सव्वाच्या पिचचा; ड्यूकचा कॅलिपर बायब्रेचा, म्हणजे ब्रेम्बोच्या घराण्यातला, त्याला पिच एक. पाईपच्या डोळ्याला पिचशी देणंघेणं नाही, दोन्ही बोल्ट त्यातून जातात. म्हणजे पाईप पहिल्याच दिवसापासून बरोबर होता!

मी म्हटलं, चाचा, लेथवर करून द्या. ते म्हणाले, “पोकळ बोल्ट आहे, त्यातून ऑइल जातं, त्यावर तुझा जीव. मी नाही करणार. बाजारातून आण.” सकाळच्या एसटीने संभाजीनगरला गेलो, कॅलिपर पिशवीत. जिथं १९८५ पासून वाळूजला बजाजचा कारखाना आहे त्या शहरात असा बोल्ट मिळणार नाही तर कुठं? तिसऱ्या दुकानात काउंटरवरच बोटांनी फिरवून बघितला. शेवटपर्यंत गेला. ९० रुपये.

बाकी राहिलं ते: तांब्याचे वायसर प्रत्येक बोल्टला दोन, आणि दर वेळी नवे. ब्रेक ऑइल टाकीच्या रंगावर सांडू देऊ नका, लगेच पाणी मारा. माझ्या टाकीवर नाण्याएवढा डाग आहे. ब्रेक ऑइलमधली हवा पूर्ण निघत नव्हती, तेव्हा लिव्हर दाबून ट्यूबच्या रबराने रात्रभर बांधून ठेवला, सकाळी आणखी थोडी निघाली. मग लिव्हर जोरात दाबून धरायचा आणि दोन्ही बोल्टांना कोरडा कागद पुसून बघायचा. ओला झाला तर गाडी गेटबाहेर काढायची नाही.

बदनापूरपर्यंत जाऊन आलो. काका मागं बसले होते. ढाब्याजवळ मी नुसती दोन बोटं लावली तर त्यांचं कपाळ माझ्या पाठीवर आपटलं. “आता मागच्या माणसाचं काय?” म्हणाले.

परवा पुण्याहून आणखी एक पाकीट आलं. ‘आपल्या तक्रारीनुसार मोफत’ असं लिहिलेलं. आत दोन बोल्ट. पत्ती आता माझ्याकडंही आहे, लावून बघितली. दोन्ही सव्वाचे. आधीचा एक धरून तीन उरलेत. जुन्या यामाहाला कुणाला लागत असतील तर घेऊन जा.