हातमोजा आणि हिरा

कोल्हापूरच्या गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, आमच्या पेढीवर गेल्या महिन्यात बापलेक आले. मुलगी जनावरांची डॉक्टर, कागलकडच्या गावांत तिची रोजची फिरती. साखरपुड्याच्या अंगठीसाठी पन्नास सेंटचा, म्हणजे अर्ध्या कॅरेटचा हिरा घ्यायचा होता. आकार तिनं घरूनच ठरवून आणला होता: प्रिन्सेस. चौकोनी, टोकदार कोपऱ्यांचा.

प्रिन्सेस म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. सहा वर्षांपूर्वी एका नव्या नवरीला असाच हिरा मी विकला होता. कोपरे उघडे ठेवणारं नाजूक सेटिंगही मीच सुचवलं. आठ महिन्यांनी ती आली ती रडतच. ओट्याच्या कडेवर हात आपटला आणि एका कोपऱ्याचा टवका उडाला. ‘हिऱ्याला काही होत नाही, असं तुम्हीच म्हणाला होता.’ म्हणाले होते खरी. हिऱ्यावर ओरखडा काढायला हिराच लागतो; पण ठरावीक दिशेनं मार बसला की तोच हिरा फुटतो. कच्चा हिरा कारागीर चिरत आले ते याच गुणामुळे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तिला आधी सांगणं माझं काम होतं.

हे सगळं मी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग कोपरे झाकून घेता येतील?” येतात. कोपऱ्यावर व्ही आकाराचा प्रॉंग, म्हणजे हिरा धरून ठेवणारी धातूची नखी, बसवतात. “पण तो प्रॉंग हातमोज्यात अडकणार. आणि गोठ्यात अंगठी काढून ठेवायची कुठं?” याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं.

तेवढ्यात वडिलांनी ट्रेमधल्या मार्कीझवर, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळत्या लांबट हिऱ्यावर, बोट ठेवलं. “ताई, ह्यो मोठा दिसतोय की. वजन तेवढंच?” तेवढंच. पन्नास सेंटचा गोल हिरा जेमतेम पाच मिलिमीटरचा, तर मार्कीझ लांबीला आठच्या आसपास जातो. तेच वजन पसरून बसतं. मुलीनं भिंग न घेताच तो हलवून बघितला. “मधे काळी सावली आहे, आण्णा.” तिला ती लगेच दिसली याचं मला फार कौतुक वाटलं. मार्कीझ, पेअर, ओव्हल या लांबट आकारांत मधोमध अशी सावली पडते; आम्ही तिला बो-टाय म्हणतो. थोडी असली तर चालते, गडद असली तर हिरा मेल्यासारखा दिसतो.

आकार आणि कट एकच समजून बहुतेक गिऱ्हाइकं येतात. आकार म्हणजे वरून दिसणारी रेघ. कट म्हणजे पैलू कोणत्या कोनात, किती खोलीवर पाडलेत ते. गोल ब्रिलियंटचे, म्हणजे नेहमीच्या गोल हिऱ्याचे, ५७ पैलू कोणत्या कोनात असावेत, याचं गणित बेल्जियमच्या मार्सेल टोलकोव्स्की यांनी १९१९ मध्ये मांडलं. जीआयए या हिरे तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या प्रमाणपत्रावर कटची प्रत मिळते तीही गोल ब्रिलियंटलाच. बाकीच्या आकारांत डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

“हितं लखलखतंय, गोठ्यात लखलखंल का?” वडिलांनी विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता. दुकानातल्या दिव्यांखाली कुठलाही खडा नाचतो. मी ट्रे उचलून दारापाशी, सावलीत नेला. तिथं एमराल्ड कट नावाचा आयताकृती खडा शांत झाला. त्याचे लांब, पायऱ्यांसारखे पैलू आरशासारखे उजळतात, ठिणग्या कमी सोडतात. आतला डागही त्यात लपत नाही. मुलीला तो आवडला, पण त्या खड्यातला डाग तिला खटकला. मग दोन ओव्हल राहिले, वजन सारखंच. एक वरून लहान दिसत होता. त्याचं वजन पोटात दडलेलं, म्हणजे खोली जास्त. दुसरा सावलीतही जिवंत होता, बो-टाय नावाला.

मग तिनं पिशवीतून खांद्यापर्यंत येणारा प्लास्टिकचा हातमोजा काढला. गायीची तपासणी करताना घालतात तो. मी नमुन्याच्या दोन अंगठ्या दिल्या. पहिली, चार प्रॉंगची. तिनं हातमोजा चढवला, आत मूठ करावी तशी बोटं वळवली, आणि अनामिकेपाशी फट्कन चीर गेली. शेजारच्या काउंटरवरच्या बायका सौदा थांबवून बघत होत्या. दुसरी अंगठी बंद सेटिंगची, हिऱ्याभोवती सोन्याची सलग कड. वडिलांनी नव्या हातमोज्याचं टोक धरून ठेवलं. तिनं मूठ वळवली, सोडली, परत वळवली. काही झालं नाही.

“उजेड कमी येईल का यात?” एवढंच तिनं विचारलं. मी म्हणाले, बाजूनं थोडा कमी दिसेल. पण चमक मुख्यतः वरून आत जाऊन वरच परतणाऱ्या उजेडाची, आणि ती या खड्यात चांगली आहे. पुन्हा एकदा ती दारापर्यंत जाऊन आली.

मी ऑर्डर लिहून घेतली: ओव्हल, पन्नास सेंट, बंद सेटिंग, कड गुळगुळीत. शेवटच्या दोन शब्दांखाली सेटरसाठी, म्हणजे खडा बसवणाऱ्या कारागिरासाठी, दोनदा रेघ ओढली.