आयएल-७६टीडी, १/१४४: कंदाहारचं विमान आणि त्याच्यामागचा व्हिक्टर बूट

शेपूट उडवलं

आयएल-७६ या सोव्हिएत बनावटीच्या मालवाहू जेटचं १/१४४ मापाचं प्लास्टिक मॉडेल बनवतोय. फ्यूजलाज, म्हणजे विमानाचं धड, जोडून झालं, पंख बसले, आणि टाळत आलेलं काम एकदाचं उरकलं. झ्वेज्दा या रशियन कंपनीचा किट आयएल-७६एमडीचा, म्हणजे लष्करी. त्याच्या शेपटाच्या टोकाला तोफवाल्याची केबिन असते. मला बनवायचंय टीडी, नागरी मालवाहू. त्याला ती नसते. बारीक दातांच्या करवतीनं केबिन कापली, पोकळीत एम-सील ठासलं आणि दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर घेऊन बसलो. आधी २२०, मग ४००, शेवटी १००० पाण्यात भिजवून. आता बोट फिरवलं तर जोड लागत नाही.

आपल्या नागपूरच्या मे महिन्याचा एक फायदा: सकाळी मारलेला प्रायमर चहा होईपर्यंत खडखडीत. तोटा हा, की एअरब्रशमधून निघालेला रंग मॉडेलला चिकटायच्या आधीच वाळतो आणि अंग खरखरीत होतं. रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारं द्रव्य) थोडा वाढवा, फवारणी पहाटे करा, आणि कूलर त्या खोलीत नकोच. त्याच्या दमट हवेत ग्लॉस कोटवर पांढुरकी झाक येते.

नाकात वजन हवं, नाहीतर मॉडेल शेपटावर बसतं. बर्डीवरून एअरगनचे छर्रे आणले, कॉकपिटच्या मागे फेविक्विकनं चिकटवले. या विमानाचा इतिहास पाहता त्यात थोडा दारूगोळा हवाच होता.

हेच विमान का?

आयएल-७६ ची ओळख नागपूरकराला करून द्यायची गरज नाही. वायुसेनेची ‘गजराज’ सोनेगावहून उठायची तेव्हा खामला, सोमलवाडा भागातली बोलणी थांबायची. पण मी बनवतोय ते रशियातल्या कझानच्या एअरस्टान कंपनीचं, नोंदणी क्रमांक आरए-७६८४२.

३ ऑगस्ट १९९५. अल्बानियातल्या तिरानाहून निघालेलं हे विमान शारजामार्गे काबूलला चाललं होतं. आत बंदुकीच्या गोळ्यांच्या पेट्या, तालिबानशी लढणाऱ्या काबूलच्या रब्बानी सरकारसाठी. तालिबानच्या मिग-२१ नं ते कंदाहारला उतरवलं. सात जणांचे कर्मचारी अडकले, विमान धावपट्टीशेजारी उभं राहिलं. वाटाघाटी चालू राहिल्या, आणि त्यांत रशियन शस्त्रदलाल व्हिक्टर बूटही होता, कारण विमान ज्या कंपनीनं भाड्यानं घेतलं होतं ती त्याच्या जाळ्यातली.

सुटका मात्र वाटाघाटींनी झाली नाही. वैमानिक व्लादिमीर शारपातोव्ह आणि त्याच्या माणसांनी तालिबानला पटवलं, की एवढं महागडं यंत्र चालवून-तपासून ठेवलं नाही तर भंगारात जाईल. त्यामुळे त्यांना अधूनमधून विमानापाशी नेलं जाई. १६ ऑगस्ट १९९६ ला, शुक्रवारी, पहारेकरी नमाजासाठी कमी झाले होते. यांनी इंजिनं चालू केली, आत असलेल्या पहारेकऱ्यांना काबूत घेतलं आणि धावपट्टी संपता संपता उड्डाण केलं. थेट शारजा. ३७८ दिवसांनंतर.

डायोरामासाठी, म्हणजे मॉडेलभोवतीच्या देखाव्यासाठी, मी तो पळून जाण्याचा क्षण घेत नाहीये, देखभालीचा घेतोय. एका इंजिनाचं कव्हर उघडं, खाली शिडी, दोन माणसं वर हात करून उभी. विमान सुटलं ते या कंटाळवाण्या कामामुळे, असं माझं मत. १/१४४ मध्ये माणूस जेमतेम १२ मिलिमीटरचा होतो. एन स्केल रेल्वेच्या आकृत्या किंचित लहान पडतात, पण बुटांखाली प्लास्टिकची चकती लावली की चालून जातं.

चाकं वीस आहेत. पुढे चार, मागे सोळा. कच्च्या धावपट्टीवर उतरता यावं म्हणून ही सोय, आणि आफ्रिकेत हीच सोय नोटा छापत होती. वर्षभर एका जागी उभं विमान दाखवायचंय म्हणून प्रत्येक चाकाचा तळ कानशीनं जरासा सपाट केला. पंखांवर तपकिरी-राखी खडूची पूड, अगदी हलक्या हातानं.

भाडं

आमच्या ग्रुपवर एका भाऊनं सरळ विचारलं, “काहून बे, शस्त्रांच्या दलालाचं विमान शोकेसमध्ये ठेवतं?” प्रश्न बरोबर आहे. पण बूटविषयी जितकं वाचतो तितकं वाटतं, की हा माणूस मुळात ट्रान्सपोर्टर होता. वाडीच्या कुठल्याही ट्रान्सपोर्टवाल्याला त्याचा धंदा दोन मिनिटांत समजेल: गाडी रिकामी परत आणायची नाही, रिटर्नचं भाडं आधी शोधायचं, आणि ताडपत्रीखाली काय आहे ते विचारायचं नाही.

जन्म १९६७, दुशान्बे. सोव्हिएत लष्करी भाषासंस्थेत शिकला, पोर्तुगीज येत होती, आफ्रिकेत दुभाष्या म्हणून राहिला. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला. वायुसेनेची विमानं तळांवर पडून, वैमानिकांना पगार नाही, आणि पूर्व युरोपातली गोदामं शस्त्रांनी भरलेली. शस्त्रं विकायला कुणीही तयार होतं. ती जंगलातल्या धावपट्टीवर पोचवायला मात्र मोजकेच. बूटनं जुनी अँतोनोव्ह मालवाहू विमानं घेतली आणि शारजात तळ टाकला. मिहानच्या कार्गो हबचं स्वप्न आपण इतकी वर्षं ऐकतोय, त्यामुळे हबचं महत्त्व नागपूरकराला कळतं. शारजा तर युरोप, मध्य आशिया आणि आफ्रिका यांच्या मधोमध, वर तिथं फ्री झोनची मोकळीक.

त्याच्या विमानांनी दक्षिण आफ्रिकेतून ग्लॅडिओलाची फुलं दुबईला नेली, गोठवलेली कोंबडी नेली, १९९३ मध्ये सोमालियात बेल्जियन शांतिसैनिक पोचवले. त्याच मोसमांत अंगोलातल्या युनिटा बंडखोरांना शस्त्रं गेली. १९९७-९८ मध्ये बल्गेरियातल्या बुर्गासहून निघालेल्या मालाला कागद टोगोचे होते, एंड-यूजर सर्टिफिकेट (शस्त्रं कोण वापरणार याचा दाखला) बनावट, उतरायची जागा भलतीच. २००० च्या जुलै-ऑगस्टमध्ये एका आयएल-७६ नं लायबेरियात तिथला अध्यक्ष चार्ल्स टेलर याच्यासाठी हेलिकॉप्टरचे सुटे भाग, क्षेपणास्त्रं आणि जवळजवळ दहा लाख गोळ्या उतरवल्या. शेजारच्या सिएरा लिओनमध्ये हात तोडले जात होते ते याच वर्षांत. म्हणून ‘नुसता ट्रान्सपोर्टर’ म्हणून त्याला सोडता येत नाही. माल काय आहे हे न विचारणं हाच त्याचा माल होता.

अक्षरं

डेकल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची छापील अक्षरं-चिन्हं, करताना मला खरी मजा आली ती इथं. शेल्फवर रोडेन कंपनीचा एएन-१२ या अँतोनोव्ह विमानाचा किट अर्धवट पडलाय, त्याच्यासाठी मी विमानांच्या नोंदणीच्या देशवार आद्याक्षरांची एक शीट छापली: ईएल- म्हणजे लायबेरिया, ३डी- स्वाझीलँड, टीएल- मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, ३सी- विषुववृत्तीय गिनी. बूटची एअर सेस ही विमानकंपनी आणि तिच्या बहिणी याच क्रमानं घरं बदलत गेल्या. लायबेरियात चौकशी वाढली, चला स्वाझीलँडला. स्वाझीलँडनं नोंदणी काढून घेतली, चला मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या बांगुईला. विमान तेच, वैमानिक तेच, दारावरची अक्षरं एका रात्रीत नवी. जोहान पेलेमन या बेल्जियन तपासकानं आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी हे धागे सोडवले ते विमानाचा कारखान्यातला क्रमांक धरून, कारण तो बदलत नाही.

घरी छापणाऱ्यांसाठी: इंकजेटची शीट असेल तर अ‍ॅक्रिलिक क्लिअरचे दोन-तीन पातळ हात द्या, नाहीतर पाण्यात शाई सुटते. पांढरी अक्षरं प्रिंटरनं येत नाहीत. पांढऱ्या शीटवर पार्श्वभूमीचा रंग छापून अक्षरं मोकळी ठेवा.

हॉटेलातली खोली

ब्रिटिश मंत्री पीटर हेन यांनी २००० मध्ये त्याला ‘मृत्यूचा सौदागर’ म्हटलं. २००२ मध्ये बेल्जियमच्या वॉरंटवरून इंटरपोल मागे लागलं, आणि साहेब मॉस्कोच्या रेडिओवर मुलाखत देत बसले. २००४ मध्ये अमेरिकेनं निर्बंध घातले. त्याच सुमारास त्याच्याशी जोडलेल्या कंपन्यांची विमानं अमेरिकी कंत्राटांवर बगदादला उतरत होती. हे वाचून मी ब्रश खाली ठेवला आणि हसलो. ज्याला पकडायचं त्यालाच भाडं!

शेवट मात्र विमानाविना झाला. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्यानं, डीईएनं, कोलंबियाच्या फार्क बंडखोरांची सोंगं घेतलेली माणसं पाठवली. त्याचा जुना सहकारी अँड्र्यू स्मुलियन मध्यस्थ. मार्च २००८, बँकॉकचं सोफिटेल. बूट ७०० ते ८०० विमानविरोधी क्षेपणास्त्रं द्यायला तयार झाला आणि सगळं टेपवर गेलं. प्रत्यक्षात एक गोळीही हलली नाही. आयुष्यभर खोट्या गिऱ्हाइकांच्या नावे कागद फिरले, आणि पकडला गेला तो खोट्या गिऱ्हाइकाकडूनच. थायलंडच्या कोर्टांत दोन वर्षं गेली, नोव्हेंबर २०१० मध्ये न्यूयॉर्क, एप्रिल २०१२ मध्ये २५ वर्षांची शिक्षा. डिसेंबर २०२२ मध्ये बास्केटबॉलपटू ब्रिटनी ग्राइनरच्या बदल्यात अबू धाबीच्या विमानतळावर सुटका. २०२३ मध्ये तो उल्यानोव्स्क प्रांताच्या विधानसभेत निवडून आला. उल्यानोव्स्कला काय बनतं? नवी आयएल-७६.

पुढचं काम

आरए-७६८४२ वर ग्लॉस कोट, मग डेकल, मग मॅट. इंजिनांचे पायलॉन (पंखाखाली इंजिन धरणारे आधार) आधीच पक्के करून ठेवलेत, कारण डेकल लावून झाल्यावर जोर देणं नको.

नंतर दुसरा किट उघडणार. अमिरातीतल्या उम अल कुवेनच्या जुन्या धावपट्टीजवळ, रस्त्याकडेला, एअर सेसच्या काळातलं एक आयएल-७६ वर्षानुवर्षं बेवारस उभं होतं. कुणीतरी त्याच्या अंगावर ‘पाल्मा बीच हॉटेल’ रंगवून जाहिरातफलक करून टाकला. २०२२ मध्ये ते तोडलं गेलं. ती अक्षरं डेकलनं नाही, ब्रशनं लिहिणार. तिथं पेंटरनंच लिहिली होती. १/१४४ मध्ये फ्यूजलाज ३२ सेंटीमीटरचं, तेव्हा ००० नंबरचा ब्रश पुरेल. आधी भंगारातल्या एखाद्या फ्यूजलाजवर सराव करतो, त्याचे फोटो टाकीन.