मधल्या आवृत्त्यांवर मी का थांबते

तुम्ही विचारलंत म्हणून. जँगो (वेबसाइट बांधायचं पायथनमधलं फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा) ४.२ वरून ५.२ वर जायचंय, दोन्ही एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणाऱ्या आवृत्त्या आहेत, मग मध्ये ५.० आणि ५.१ वर मुक्काम कशाला? टीममध्ये नवा आलेला प्रत्येक जण हे विचारतो, आणि मी "करू दे मला माझ्या पद्धतीने" म्हणून विषय मिटवते. त्यातून मी भित्री आहे, वेळखाऊ आहे, असा समज झालाय. एकदाच नीट सांगते.

तुमचा युक्तिवाद मला पाठ आहे, कारण तो एके काळी माझाच होता. जँगोत एखादी गोष्ट काढून टाकायची तर आधी निदान दोन आवृत्त्या वॉर्निंग येत राहते. एका एलटीएसवर सगळ्या वॉर्निंग मिटवल्या की कोड पुढच्या एलटीएसवर चालावा, अशीच त्यांची आखणी आहे. २.२ वरून ३.२ वर आम्ही याच हिशोबाने थेट गेलो आणि काहीही मोडलं नाही. तेव्हाची मी चुकीची होते असं मी आजही म्हणणार नाही.

मग ३.२ ची मुदत एप्रिल २०२४ मध्ये संपणार म्हणून आम्ही ४.२ वर गेलो. एका पतसंस्थेचं काम होतं, बऱ्याच शाखा, पिग्मी एजंटांचा रोजचा भरणा. वॉर्निंग एकही शिल्लक नव्हती. सगळ्या टेस्ट पास. शनिवारी रात्री शाखा बंद झाल्यावर अपडेट चढवला, रविवारी पानं उघडून पाहिली, सगळं दिसत होतं.

सोमवारी काउंटर उघडले आणि एकही नोंद होईना. आधीपासून लॉगिन असलेल्यांना खाती दिसत होती, शिल्लक दिसत होती, पण 'जमा करा' दाबलं की ४०३, म्हणजे 'परवानगी नाही'. ज्यांना नव्याने लॉगिन करायचं होतं त्यांना आतच येता येईना. एका शाखेत एक बाई मुदत ठेव मोडायला आल्या होत्या, नवरा दवाखान्यात होता, डिपॉझिट भरल्याशिवाय दाखल करून घेत नव्हते. क्लार्कच्या समोर स्क्रीनवर त्यांची रक्कम होती, व्याजासकट. ती देता येत नव्हती. त्या क्लार्कने मला फोनवर विचारलं, "मॅडम, पैसे दिसतायत ना, मग अडलंय कुठे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी शाखा व्यवस्थापकांनी हाताने व्हाउचर लिहून, स्वतःच्या सहीवर रोख दिली. त्यांनी ती जोखीम घेतली नसती तर काय, हा विचार मी अजूनही करते.

उत्तर का नव्हतं, ते ऐका. कारण त्या एका रात्रीत आम्ही सगळंच बदललं होतं. ४.२ ला पोस्टग्रेस या डेटाबेसची १२ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते, म्हणून डेटाबेस बदलला. पायथन बदलला. टाइमझोनचं काम पायटीझेड या लायब्ररीकडून झोनइन्फो या लायब्ररीकडे गेलं. त्या सकाळी संशयित इतके होते की आम्ही कुकी पुसायला लावल्या, एनजिनेक्स (जँगोच्या पुढे उभा असलेला सर्व्हर) रीस्टार्ट केला, डेटाबेसची कनेक्शनं तपासली. ४०३ च्या पानावर खरं कारण येत नाही, ते फक्त डीबग (चुका शोधायची सोय) चालू असताना दिसतं. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, ते वॉर्निंग म्हणून जातं, आणि आमचा लॉग एररच्या खालचं काही ठेवत नव्हता.

कारण सापडलं तेव्हा ते ४.० च्या रिलीज नोट्समध्ये (आवृत्तीत काय बदललं त्याच्या यादीत), २०२१ च्या डिसेंबरपासून लिहिलेलं होतं. ४.० पासून सीएसआरएफची (दुसऱ्या साइटवरून आलेले बनावट फॉर्म रोखणारी) तपासणी ब्राउझरने पाठवलेला ओरिजिन हेडरही, म्हणजे मागणी कुठल्या पत्त्यावरून आली ते सांगणारी ओळही, बघते. आमचं एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, एनजिनेक्सपाशी संपत होतं, आत जँगोला साधं एचटीटीपी दिसायचं. ब्राउझर म्हणतो मी एचटीटीपीएसवरून आलो, जँगो म्हणतो माझा पत्ता एचटीटीपी आहे, जुळत नाही, नकार. ३.२ ला याचं काही देणंघेणं नव्हतं. टेस्ट चालवणारा जँगोचा टेस्ट क्लायंट तर मुद्दाम सांगितल्याशिवाय सीएसआरएफ तपासतच नाही, आणि आमचा चाचणी सर्व्हर नुसत्या एचटीटीपीवर होता. प्रॉक्सीचा, म्हणजे एनजिनेक्सचा, हेडर ओळखायला सांगणारी एक सेटिंग घातली आणि शाखा सुरू झाल्या.

आता तुम्ही म्हणाल, पायरीपायरीने गेला असतात तरी ४.० वर हेच झालं असतं. हो, झालं असतं. बाईंचं काम तेव्हाही अडलं असतं. पण संशयित कमी असते, वाचायच्या नोट्स एकाच आवृत्तीच्या असत्या, आणि मागे फिरायची वाट उघडी असती, कारण डेटाबेसला अजून हात लागलेला नसता. माझं म्हणणं एवढंच आहे. वॉर्निंग फक्त काढून टाकायच्या गोष्टींची येते. वागणूक बदलली तर ती नोट्समध्येच लिहिलेली असते, आणि तीन आवृत्त्यांच्या नोट्स एका बैठकीत कोणीही लक्ष देऊन वाचत नाही. मीही नाही.

यावर काही जण फ्रेमवर्कलाच शिव्या देतात. मी देत नाही. ओरिजिनची तपासणी रास्त आहे. २.० मध्ये फॉरेन की ला (एक नोंद दुसरीशी जोडणाऱ्या रकान्याला) 'ऑन डिलीट', म्हणजे मूळ नोंद पुसली तर काय करायचं ते, लिहिणं सक्तीचं केलं तेव्हाही लोक वैतागले होते. त्याआधी न लिहिता कॅस्केड व्हायचं, म्हणजे मूळ नोंद पुसली की तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या जायच्या. पतसंस्थेच्या डेटाबद्दल 'मूळ नोंद गेली तर बाकीच्यांचं काय', हा प्रश्न कोणीतरी विचारायलाच हवा होता.

तुमचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. ५.० ला आता सुरक्षा पॅच येत नाहीत. लोकांच्या ठेवी ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत ते मी जाणूनबुजून अशा आवृत्तीवर, थोडे दिवस का होईना, चालवायला सांगते. मधल्या पायऱ्या फक्त चाचणी सर्व्हरवर कराव्यात, शाखांमध्ये थेट ५.२ द्यावं, असं तुमच्यातल्या काहींचं म्हणणं आहे. पण त्या सोमवारी जे मोडलं ते चाचणी सर्व्हरवर दिसलंच नव्हतं. आता तिथे एचटीटीपीएस आणि एनजिनेक्स शाखांसारखेच बसवलेत, लॉगही वॉर्निंगपासून ठेवतो, तेव्हा पुरे होईल का? कदाचित. ४.२ ची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतची. ५.० मध्ये साध्या लिंकवरून लॉगआउट होत नाही, तिथे पोस्टचा (सर्व्हरला माहिती पाठवणारा) फॉर्म लागतो, आणि आमच्या प्रत्येक पानावर ती लिंकच आहे. तेवढं बदलायला घ्या. शाखांमध्ये ५.० चढवायचं की नाही, यावर भांडायला मी तयार आहे.