‘आवाज येतोय की, शब्दच कळंनात!’

कोल्हापुरात श्रवणचाचणीच्या खोलीबाहेर फाउंड्रीत फेटलिंग, म्हणजे ओतीव भागांवरचा जादा धातू घासून काढायचं काम, करणारा पस्तिशीचा एक भाऊ आज हे सांगत होता. हातातल्या आलेखावर २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतच्या सगळ्या खुणा २५ डेसिबलच्या आत, म्हणजे ‘नॉर्मल’. पण महाद्वार रोडवरच्या गर्दीत बायको शेजारून बोलली तरी त्याला अर्थ लागत नाही.

त्याचं ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण ते तंतोतंत खरं असू शकतं.

बंद खोलीतली बारीक ‘पीं’ ऐकायला थोडे मज्जातंतू पुरतात. गोंगाटातून शब्द वेगळा काढायला मात्र पुष्कळ लागतात, आणि त्यांचे ठोके आवाजाच्या चढउतारांशी ताल धरून पडावे लागतात. शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या श्रवणसंशोधकांनी २००९ साली उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. दोन आठवड्यांत त्यांची श्रवणचाचणी पूर्ववत झाली. आवाज टिपणाऱ्या कानातल्या केसपेशीही शाबूत होत्या. पण कानाच्या काही भागात त्यांना मज्जातंतूशी जोडणारे निम्मे सांधे कायमचे गेले होते!

जिवंत माणसात हे सांधे थेट मोजता येत नाहीत. म्हणून अशी तक्रार असेल तर गोंगाटात वाक्यं ऐकवायची चाचणी आवर्जून मागा.

आणि गोंगाटात काम करताना कान वाचवायला घालतात तो फोमचा बोळा नुसता कानाच्या तोंडाशी अडकवू नका. तो बारीक वळा, दुसऱ्या हातानं कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवा.

तुमच्या वर्कशॉपमध्ये हे कुणी करून दाखवलंय का?