उसाचं बिल आल्यावर

"मॅडम, दाढच फुटली बघा," म्हणत आजींनी रुमालाची गाठ सोडली. आत दुधाच्या दाढेचा कपचा. दोन महिन्यांपूर्वी मीच रूट कॅनाल केलेली दाढ.

नात सात वर्षांची, कराडजवळच्या गावातली. खालची डावीकडची शेवटची दुधाची दाढ आतल्या नसेपर्यंत किडलेली. मी ती साफ करून पेस्ट भरली, वर सिमेंट लावलं आणि कॅपसाठी आठवड्याने बोलावलं. "उसाचं बिल आलं की बसवू. दुखायचं तर थांबलंय," आजी म्हणाल्या. मी "बरं" म्हटलं. ते "बरं" मला अजून टोचतं.

कीड दाढ आधीच पोखरते, नसेपर्यंत पोचायला आम्ही तिचा माथा आणखी उघडतो. उरतात पातळ भिंती. नुसत्या सिमेंटच्या जिवावर त्या चावण्याचा जोर सोसत नाहीत. शेंगदाण्याचा लाडू खाताना दाढ उभी चिरली, पार मुळापर्यंत. काढावीच लागली.

"दुधाचीच होती, पडणारच होती की."

पण ही दाढ पडते दहाव्या-बाराव्या वर्षी. तोवर मागची नवी, कायमची दाढ मोकळ्या जागेत पुढे सरकते आणि दुधाच्या दाढेखालून येणाऱ्या कायमच्या दाताची वाट अडते. मी एक्स-रे उजेडासमोर धरला. हाडात निजलेला तो दात आजी कितीतरी वेळ बघत राहिल्या. "हा आत हाय व्हय?"

जागा राखायला मागच्या दाढेवर पट्टी आणि पुढे तारेची कडी बसवली.

उजवीकडची दाढही तशीच किडलेली होती. पुढच्या खेपेला तिचं रूट कॅनाल केलं आणि उठूच दिलं नाही. दाढ वरून एक-दीड मिलिमीटर घासली, दोन्ही बाजूंनी पातळ काप घेतला. स्टीलच्या कॅपा मापाच्या तयार मिळतात. चार नंबरची बसली. पकडीने तिची कड आत वळवली, सिमेंट भरलं, जिभेकडून टेकवून गालाकडे दाबली. टक्. हिरडीची कड क्षणभर पांढरी पडली. तो आवाज आला की माझा जीव भांड्यात पडतो. ही कॅप पुढे दाढेबरोबरच पडते, वेगळी काढावी लागत नाही.

"दोन-चार दिवस चावताना उंच लागेल, घाबरू नका," मी सांगितलं.

आजी पिशवीत पैसे चाचपत होत्या.

"ते उसाचं बिल आल्यावर द्या, आजी."