दुकानाचे भाव पाउंड-दिनारमध्ये दाखवताना आलेला अनुभव (आणि "सर, कॅशे क्लिअर करून बघा")

वहिनी शिवलेल्या नऊवारी विकतात, लहान मुलींच्या आणि मोठ्या बायकांच्याही. वेबसाइट मी सांभाळतो, वर्डप्रेसवर वूकॉमर्स (वर्डप्रेसच्या साइटला दुकान बनवणारं सॉफ्टवेअर), साधंच दुकान आहे. गणपतीच्या आधी दोन-तीन महिने लंडन, मेलबर्न, दुबई, कुवेत अशा ऑर्डरी सुरू होतात आणि व्हॉट्सॅपवर प्रत्येकीचा पहिला प्रश्न, "ताई, आमच्याकडचे किती होतील?" म्हणून ठरवलं की जी जिथून बघेल तिला तिथल्याच चलनात भाव दिसायचा. चलन बदलणारं प्लगइन (साइटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) टाकणं, चलनं निवडणं, आयपीवरून (म्हणजे बघणाऱ्याच्या इंटरनेट पत्त्यावरून) देश ओळखायला मॅक्समाइंड या कंपनीची लायसन्स की घेणं (अकाउंट काढलं की फुकट मिळते), हे सगळं एका संध्याकाळी उरकलं.

अडलं ते कॅशेवर, आणि अजून आठवलं तरी डोकं फिरतं.

होस्टिंगच्या सर्वरवर पेज कॅशे असतो. म्हणजे पहिल्या माणसासाठी जे पान तयार झालं त्याचीच कॉपी पुढच्या सगळ्यांना मिळते. त्यामुळे कुवेतहून कुणी आधी उघडलं की कॅशे संपेपर्यंत साताऱ्याच्या बाईलाही दिनारच दिसणार. आता कुवेती दिनारला दशांशानंतर तीन आकडे असतात, एका दिनारचे १००० फिल्स, त्यामुळे ४,२०० रुपयांची नऊवारी दिसत होती १५.४०० आणि शेजारी एक अरबी चिन्ह, ते कोण बघतंय. बायका वाचतायत पंधरा हजार चारशे! वहिनींना मेसेज, "काकू, एवढी महाग कधीपासून केली?" आणि वहिनी तो मेसेज मला फॉरवर्ड करणार, वर एक शब्दही न लिहिता.

होस्टिंगच्या चॅटवर गेलो. "सर, कॅशे क्लिअर करून बघा." क्लिअर केल्यावर अर्थातच नीट दिसतं, कारण क्लिअर केल्यावर पहिला बघणारा मी, पुण्यातून, म्हणजे रुपये. तो म्हणणार "ग्लॅड टू हेल्प" आणि तिकीट बंद. संध्याकाळी कुणीतरी लंडनहून बघितलं की सगळ्यांना पाउंड. नवीन तिकीट, नवीन माणूस, परत पहिल्यापासून रामायण. "इन्कॉग्निटोमध्ये बघा सर." "दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा सर." स्क्रीनशॉट मागितले, दिले, मग तेच स्क्रीनशॉट पुढच्याने मागितले. मग "हा प्लगइनचा इश्यू आहे", आणि प्लगइनवाले म्हणतात होस्टिंगला विचारा. मी एकच गोष्ट विचारत होतो, की चलनाच्या कुकीप्रमाणे (कुकी म्हणजे बघणाऱ्याचं चलन लक्षात ठेवणारी ब्राउझरमधली छोटी नोंद) कॅशेच्या वेगळ्या कॉप्या ठेवता येतात का, हो की नाही, बास. याचं उत्तर कोणी देईना. वूकॉमर्समध्ये 'जिओलोकेट, पेज कॅशिंग सपोर्टसह' असा पर्याय आहे, तो पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून एक कोड जोडतो म्हणजे प्रत्येक ठिकाणाचं पान वेगळं धरलं जावं, पण यांचा सर्वर प्रश्नचिन्हाच्या पुढचं बघतच नव्हता. शेवटी रात्रपाळीतल्या एकाने खरंच माझं तिकीट वाचलं आणि दोन ओळीत लिहिलं, तुमच्या प्लॅनमध्ये कुकीप्रमाणे कॅशे वेगळा होत नाही. एवढंच हवं होतं हो! त्याला फाइव्ह स्टार दिले, मनापासून.

मग मार्ग सोपा होता. सर्वरने सगळ्यांना रुपयातलंच पान द्यायचं आणि आकडा ब्राउझरमध्ये उघडल्यावर जावास्क्रिप्टने बदलायचा. बऱ्याच प्लगइनमध्ये ही सोय असते, घेण्याआधी हेच विचारा, बाकी चकाचक फीचर्स नंतर. क्षणभर रुपये दिसून मग पाउंड होतात, चालतं.

आणखी काही खाचाखोचा. गूगलचा बॉट (साइटची पानं वाचत फिरणारा त्यांचा प्रोग्राम) बहुतेक वेळा अमेरिकेतल्या आयपीवरून येतो, त्याला डॉलर दाखवलेत आणि मर्चंट सेंटरच्या फीडमध्ये (गूगलवर वस्तू दाखवायला आपण दिलेल्या यादीत) रुपये असतील तर किंमत जुळत नाही म्हणून प्रॉडक्ट नामंजूर होतं. बॉटसाठी मूळ चलन ठेवा. आणि देश आपोआप ओळखला तरी हाताने चलन बदलायचं बटण हवंच, हिंजवडीत बसलेली मंडळी ऑफिसच्या व्हीपीएनवरून बघतात आणि त्यांना डॉलर दिसतात. नुसतं डॉलरचं चिन्हही ठेवू नका, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया तिघांचं तेच, मेलबर्नवाली गोंधळते. आधी देशाचं अक्षर लावा.

दरांचं सांगायचं राहिलं. फुकट मिळणारे बरेच दर युरोपियन सेंट्रल बँकेचे असतात, ते शनिवार-रविवारी बदलत नाहीत आणि त्यात दिरहॅम, कुवेती दिनार नाहीतच! दिरहॅमचं सोपं आहे, एका डॉलरला ३.६७२५ असा बांधलेला दर आहे, डॉलरवरून काढा. दिनार कुठल्या चलनांना किती बांधलाय ते कुवेत जाहीर करत नाही, त्याचा दर दुसरीकडून घ्यावा लागला.

दुबईच्या एकाने बिटकॉइनमध्ये भाव मागितला म्हणून तेही चालू करून बघितलं. दोन दशांशांच्या सेटिंगवर अख्खी नऊवारी ०.०० बिटकॉइन, म्हणजे फुकट. आठ दशांश लागतात. पण सीएने स्वीकारायला साफ नाही म्हटलं, एक्सपोर्टचे पैसे बँकेतूनच आलेले दिसले पाहिजेत, वर २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के टॅक्स आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस. काढून टाकलं.

आणि दाखवलेलं चलन वेगळं, कापलं जाणारं वेगळं. आमचा गेटवे (कार्डावरून पैसे घेणारी सेवा) रुपयातच कापतो, त्यामुळे ग्राहकाची बँक स्वतःच्या दराने पाउंड लावते, आणि माप चुकलं म्हणून रिफंड दिला तर त्या दिवशीच्या दराने, थोडे कमी-जास्त. म्हणून आता भावाखाली 'अंदाजे' लिहिलंय आणि ऑर्डरच्या मेलमध्ये फक्त रुपये. तरी वहिनींना विचारणाऱ्या विचारतातच.